रॅम्पवरची रांगोळी

शारजात बर्फावरून घसरून माणूस पडला, असं मी पुण्यात सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, हा दुबईच्या मॉलमधल्या खोट्या बर्फाबद्दल बोलतोय. मी बोलत असतो शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या कोल्ड स्टोरेजबद्दल. बाहेर गॅरेजं, टायरवाले, धूळ आणि ट्रकांचे हॉर्न. आत उणे वीस अंशात ब्राझीलची कोंबडी आणि युरोपातले कापलेले बटाटे. त्या गोदामाचा मेन्टेनन्स माझ्याकडे होता.

गोदाम बांधणाऱ्याने फ्रीझरची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा गुडघाभर उंच घेतली होती, खालून हवा खेळती राहावी म्हणून. त्यामुळे फ्रीझरच्या दारापुढे काँक्रीटचा उतार होता. त्याला सगळे रॅम्प म्हणायचे. लाकडी पॅलेटवर रचलेला आतला माल बाहेर यायचा तो ट्रॉलीवरून, याच रॅम्पने. दाराच्या वर एक मोठा पंखा होता. बाहेरची दमट हवा तो दारातच अडवायचा. बर्फ धरू नये म्हणून रॅम्पच्या पोटात तापणाऱ्या तारा होत्या. २००८च्या क्रॅशच्या, म्हणजे मंदीच्या, आधी हे सगळं व्यवस्थित चालायचं. मग मालकाने ज्या टॉवरांत पैसा घातला होता ते टॉवर अर्धवट राहिले आणि आमचा जळालेला पंखा जळालेलाच राहिला. तारांचंही तेच झालं. मी मागणी पाठवायचो आणि वरून उत्तर यायचं, "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ."

वरून म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरकडून. ते आमच्याच साताऱ्याकडचे. माझ्या बायकोला भाऊ नाही, आणि शारजातल्या आमच्या पहिल्याच दिवाळीत तिने त्यांना भाऊबीजेला घरी बोलावून ओवाळलं. तेव्हापासून ते तिचे दादा झाले, माझ्या मुलीचे मामा झाले आणि मला "दाजी" म्हणू लागले. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणायचो, घरी मेव्हणे. इथून पुढे मी त्यांना "तो" म्हणणार आहे. लिहिताना तरी मला तेवढी मोकळीक हवी.

ही गोष्ट क्रॅशनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली. तिकडे नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. व्हिसा जातो, कंपनीचा फ्लॅट जातो, आणि महिनाभरात बायकापोरांसकट देश सोडावा लागतो. आजूबाजूला रोज कुणीतरी जात होतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सोफे आणि वॉशिंग मशिनी विकायच्या चिठ्ठ्या लागलेल्या असायच्या. मुलगी बारावीत होती. परीक्षा मार्चमध्ये, सेंटर शारजातच. अशा वर्षी मधूनच तिला उचलून पुण्याला नेलं असतं तर ना इकडची ना तिकडची, अशी तिची गत झाली असती. मला दुसरं काही नको होतं. माझी नोकरी मार्चपर्यंत टिकायला हवी होती.

त्या वर्षी भाऊबीजेला तो नेहमीप्रमाणे आला. त्याची बायको तेव्हा गावी होती. मुलीने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. रांगोळी पुण्याहून आणलेली, चांगली जाडसर. बायको दरवर्षी बॅगेत दोन पिशव्या कोंबून आणायची आणि कस्टममध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं याची मला धास्ती असायची. ओवाळणं चालू असतानाच खालून वॉचमनचा फोन आला, गाडी हलवा. शारजात पार्किंग म्हणजे जन्माचं भांडण. मी खाली गेलो, दोन चकरा मारून जागा मिळवली आणि वर आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती आणि तो गॅलरीत उभा होता. जेवण शांतपणे झालं. निघताना मीच विषय काढला.

"मेव्हणे, आपल्याकडे काय सीन आहे? खरं सांगा. पोरीची बारावी आहे."

"दाजी, मार्चपर्यंत बिनधास्त राहा," तो बूट घालता घालता म्हणाला. "कंपनी टाइट आहे, पण आपल्याला टेन्शन नाही."

बायको दारातच उभी होती. मी तिच्याकडे बघून हसलो. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

डिसेंबरात शारजात धुकं पडायला लागलं. पहाटे समोरचा सिग्नल दिसत नाही इतकं दाट. ती ओली हवा आमच्या गोदामात शिरायची, फ्रीझरचं दार उघडलं की रॅम्पवर बसायची आणि गोठायची. सकाळी पातळ पापुद्रा, आणि दुपारपर्यंत ट्रॉल्यांच्या चाकांनी दाबून दाबून त्याची काच झालेली. एका सकाळी एक नेपाळी लोडर ट्रॉली घेऊन खाली येताना घसरला. कोंबड्यांची खोकी त्याच्या पायावर आली. हाड मोडलं नाही हे त्याचं नशीब; पण तो जो ओरडला तो आवाज पलीकडच्या गॅरेजवाल्यांनीही ऐकला.

त्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"दाजी, जानेवारीत म्युनिसिपालिटीचं इन्स्पेक्शन आहे," तो म्हणाला. "रॅम्पचं काहीतरी करा. त्यांच्यासमोर कुणी पडलं तर लायसन्स खलास. आणि लायसन्स गेलं तर तुम्ही-मी सगळेच गेलो."

"पंखा आणि तारा द्या, उद्या करतो."

"बजेट नाही. तुम्ही डोकं लावा ना. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मला चढवायला एवढं पुरतं. मी त्या रॅम्पच्या मागे हात धुऊन लागलो.

पहिला शहाणपणा लोडरांनीच केला होता: बर्फ वितळवायला बादलीभर गरम पाणी ओतायचं. गरम पाण्याने बर्फ जातो खरा, पण ते पाणी जागच्या जागी गोठतं आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतं. ते मी बंद केलं. मग मीठ टाकून पाहिलं. दाराशी मीठ चाललं, पण खारट पाणी ट्रॉल्यांच्या बेअरिंगमध्ये गेलं आणि आठवड्यात दोन ट्रॉल्या गंजून कुरकुरायला लागल्या. वाळू टाकली, तर चाकांबरोबर ती थेट फ्रीझरमध्ये पोचली आणि खाण्याच्या मालाजवळ वाळू कशी चालेल म्हणून क्वालिटीवाल्या बाईंनी माझी खरडपट्टी काढली.

मग मला रांगोळी आठवली. स्वच्छ, पांढरी, दगडाचा चुरा, हाताला खरखरीत. बर्फावर याहून चांगलं काय टिकणार, असं मला अगदी मनापासून वाटलं. घरी जाऊन बायकोकडे पिशवी मागितली.

"रॅम्पवर रांगोळी?" ती म्हणाली. "घ्या, पण एवढं जीव तोडून कशाला करताय?"

"लायसन्सचा प्रश्न आहे."

कपाटातून पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली.

सकाळी मी स्वतः, चिमटीचिमटीने नव्हे तर मूठमूठ, रॅम्पभर रांगोळी पेरली. लोडर कडेला उभे राहून बघत होते. एका पठाणाने विचारलं, "साब, पूजा है क्या?" अर्धा तास पकड झकास होती. मग रांगोळीने ओल धरली, तिची पेज झाली, ती पेज गोठली आणि रॅम्पला असा पांढराशुभ्र, तकतकीत मुलामा बसला की त्यावर मीच पाय ठेवला आणि थेट खाली येऊन पॅलेटच्या ढिगात बसलो. हसू दाबता दाबता लोकांचे चेहरे लाल झाले होते. नंतर मला कळलं की हाताला जाडसर लागली तरी बर्फावर ती भुकटीच, काही उपयोगाची नाही. पकड देतो तो टोकदार, जाड दाणा, आणि त्याखालचं पाणी निघून जायला वाट लागते.

मग मी डोकं थंड ठेवून सुरुवातीपासून सुरुवात केली. आधी ओल कमी करायची. दारावरचा जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा फाटला होता. औद्योगिक क्षेत्रातल्याच एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून पट्ट्या आणल्या आणि लावल्या. ट्रॉली आत गेली की दार लावायचं, गप्पा मारत उघडं ठेवायचं नाही, असा दम भरला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, पापुद्रा पातळ असतानाच, लांब दांड्याच्या पत्र्याने तो खरवडायचा, असा नियम केला. चाकांनी एकदा दाबला की तो निघत नाही. आणि एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एका मिस्त्रीला घेऊन ग्राइंडरने रॅम्पवर तिरप्या खाचा मारल्या. मी दिवसभर गुडघ्यावर बसून खाचांची रेघ धरत होतो. पाणी त्या खाचांतून कडेला जायचं आणि रॅम्पच्या पायथ्याशी आम्ही एक चर खोदून त्यात धुतलेली खडी भरली होती, तिच्यात मुरायचं. रॅम्पच्या ज्या कडेने माणसं चालायची तिथे त्याच भंगारातली खरखरीत जाळी ठोकली. काम संपलं तेव्हा नाकातोंडात सिमेंट होतं. मी बूट न काढता रॅम्पवरून वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. पाय हलला नाही.

आनंद झाला मला. उगाच लपवत नाही. घरी येऊन मी जेवणाच्या ताटावर बोटाने खाचा काढून मुलीला समजावून सांगितलं की तिरप्याच का मारायच्या, सरळ का नाही. ती "नाइस, बाबा" म्हणाली आणि फिजिक्सच्या पुस्तकात डोकं घातलं. मला वाटलं, अभ्यास आहे, असू दे.

इन्स्पेक्शनचे लोक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पालिकेचे लोक नेहमी तापमानाची नोंद बघतात, थर्मामीटर मालात खुपसतात, हातमोजे घातलेत का विचारतात. हे लोक वेगळेच होते. ते खांबांमधलं अंतर मोजत होते. रॅकचे बोल्ट कुठून खोलतात ते विचारत होते. त्यांच्यातला एक मल्याळी इंजिनिअर रॅम्पवरून वर-खाली चालला, बूट घासून पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बहुत अच्छा बनाया है, भाई. हमारे लड़के खुश हो जाएँगे."

"आपके लड़के?"

"हाँ, खोर फक्कान के हमारे गोदाम से ला रहे हैं ना पूरी टीम." मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "आपको बोला नहीं? पुराना स्टाफ तो इस महीने खलास है ना?"

मी सरळ केबिनमध्ये गेलो. दार मी उघडलं, पण लावलं त्याने.

"दाजी, बसा."

"उभा बरा आहे. हे पालिकेचे लोक?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "सप्टेंबरपासून गोदाम विकायचं डील चालू होतं. मला कुणाला बोलता येत नव्हतं. तसं साइन केलं होतं मी."

"भाऊबीजेला माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि तुमचं काय?"

"मला ते ठेवतायत. सध्या. ट्रान्झिशनसाठी."

"मग तो रॅम्प कशाला करून घेतलात माझ्याकडून?"

यावर तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. "पार्टी म्हणत होती, रॅम्प अनसेफ आहे, डील होल्ड करू. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे."

त्यानंतर मी जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. केसाने गळा कापलात, एवढं सगळ्यांत सभ्य होतं. माझ्याच हाताने माझी जागा घासूनपुसून, खडी घालून, दुसऱ्यासाठी तयार करून घेतली होती त्याने, आणि मी त्याला लायसन्स वाचवणं समजत होतो. मी बाहेर आलो. गाडीत बसून मी पाच मिनिटं किल्लीच शोधत होतो, ती हातातच होती.

घरी जाताना वाटेत मला एकच आधार होता: बायको. ती त्याला फोन लावेल, दादा-बिदा विसरून त्याला फैलावर घेईल, त्याच्या सात पिढ्या काढेल. मला ते ऐकायचं होतं. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"बसा आधी," ती म्हणाली.

"अगं, तू ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं." तिने परात बाजूला सारली आणि हात धुतले. "मला माहीत होतं."

मला वाटलं, ती त्याच्या स्वभावाबद्दल बोलतेय. मी विचारलं, "काय माहीत होतं?"

"हेच. भाऊबीजेला तुम्ही गाडी हलवायला गेलात ना, तेव्हा त्याने सांगितलं. ओवाळणीचं पाकीट हातात धरून रडायला लागला. मी पाकीट घेतलं नाही. म्हटलं, दादा, ओवाळणी द्यायची असेल तर माझी पोर परीक्षा होईपर्यंत तुझ्या घरी ठेव. तिचा व्हिसा तू काढ, पेपरला तू ने, परत तू आण. तो हो म्हणाला. वहिनीही या महिन्यात परत येतायत, मी बोलले त्यांच्याशी."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही राजीनामा त्याच्या तोंडावर फेकला असता. भोसरीच्या नोकरीत फेकला होता तसा. मग दिवाळीतच गाशा गुंडाळावा लागला असता. मला जानेवारीपर्यंत पोचायचं होतं. प्रॅक्टिकल होऊ द्यायची होती. शाळेत जाऊन सगळं बोलून ठेवायचं होतं."

"मी तिथे गुडघ्यावर बसून खाचा मारत होतो."

"मी म्हटलं होतं, जीव तोडून करू नका."

"कारण नाही सांगितलंस."

"नाही सांगितलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी सरळ होता.

मी तिच्यावर ओरडलोही नाही. ओरडायला काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. एकट्या त्याने फसवलं असतं तर त्याला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर, अडीच महिने मला वेड्यात काढलं गेलं होतं, तेही माझ्याच मुलीच्या भल्यासाठी, आणि हिशेब अगदी बरोबर जुळला होता. मला चूक काढायला जागाच ठेवली नव्हती. याचाच मला जास्त राग आला.

मी मुलीच्या खोलीत गेलो. टेबलावरचा दिवा नव्हता. शेल्फवरची अर्धी पुस्तकं नव्हती. महिनाभर ती खोली रिकामी होत होती आणि माझं लक्ष रॅम्पवर होतं.

"तुलाही माहीत होतं?"

तिने पुस्तक मिटलं. "मम्मा वॉज टेकिंग माय स्टफ टू मामाज प्लेस. सो आय आस्क्ड हर."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"यू वर सो हॅपी अबाउट युअर रॅम्प, बाबा."

फेब्रुवारीत आम्ही निघालो. बायकोला व्हिजिट व्हिसावर मुलीजवळ राहता आलं असतं, पण ती म्हणाली, तुम्हाला आत्ता एकट्याला सोडणार नाही. आदल्या दिवशी मुलीची बॅग घेऊन आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसला त्याच्या फ्लॅटवर गेलो. तिची खोली तयार होती. खिडकीशी टेबल, टेबलावर आमच्याच घरातला दिवा, भिंतीवर तिच्या अक्षरातलं टाइमटेबल. त्याच्या बायकोने चहा ठेवला. तो माझ्यासमोर बसून बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत होता. ज्या माणसाचं तोंड पाहायची इच्छा नव्हती त्याच्या हाती मी माझी मुलगी सोपवत होतो, आणि वर त्याला "लक्ष ठेवा" असं म्हणावं लागलं. म्हणालो. चहाही प्यायलो. मुलीने निघताना मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बी नाइस टु हिम, प्लीज."

तिला उत्तम मार्क पडले. तो रोज पहाटे उठून तिला शारजाला सोडायचा आणि पेपर संपेपर्यंत शाळेबाहेर गाडीत बसायचा, असं तिने परत आल्यावर सांगितलं. हे मला सांगायची गरज नव्हती. पुण्यात मला काम मिळायला वर्ष गेलं; त्या वर्षात मी बायकोशी कमी बोललो. तिने ते सोसलं आणि एकदाही माफी मागितली नाही, कारण तिच्या लेखी तिचं काही चुकलंच नव्हतं.

मुलीचं लग्न झालं तेव्हा ती स्वतः नोकरी करत होती. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. सख्खा मामा नाही म्हटल्यावर मी एका चुलत मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं. मुहूर्ताला मी अंतरपाटाजवळ उभा होतो. दारातून मुलगी येताना दिसली. दंडाला धरून तो तिला आणत होता. केस पिकलेले, डोक्यावर फेटा. दोघी मायलेकींनी त्याला तारीख कळवली होती, तिकीटही काढून दिलं होतं, आणि पुन्हा एकदा मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. तो माझ्याजवळून गेला तेव्हा थांबला, मी काही बोलेन म्हणून. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. माझ्या मुठीत अक्षता होत्या, आणि मुलगी त्याच्याकडे नाही, नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी बाजूला सरून त्याला वाट दिली.